अंडरलीव्हर एअर रायफल : पहिल्या हजार बारांचा हिशेब

जर्मनीच्या वाइराउख कंपनीची एचडब्ल्यू ९७ के ही एअर रायफल घेऊन मला आता नऊ महिने झाले असून, माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे तिच्यातून १,१४० बार झाले आहेत. एवढे बार झाल्याशिवाय तिच्याविषयी एक ओळही लिहायची नाही असे मी ठरवले होते, कारण स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकीचा पहिल्या आठवड्यात दिलेला अभिप्राय हा बोअर करून आणलेल्या इंजिनाचा पहिल्या पन्नास किलोमीटरवर दिलेल्या अभिप्रायाइतकाच निरुपयोगी असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर निम्मे आयुष्य घालवल्यामुळे इंजिन ‘रनिंग’वर, म्हणजे नवे भाग एकमेकांना सरावत असताना त्याला कसे वागवायचे हे मला ठाऊक होते, बंदुकीलाही तसेच वागवावे लागते हे मात्र या नऊ महिन्यांत कळले.

आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते सांगितले पाहिजे. लीव्हरची रायफल म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी चित्रपटातल्या घोडेस्वाराच्या हातातील विंचेस्टर येते. चापाच्या कडीला जोडलेला दांडा खाली ओढून वर घेतला की त्या रायफलीतील रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नळीखालच्या मॅगझिनमधले नवे काडतूस आत बसते. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी विंचेस्टरचे १८९४ चे मॉडेल घरोघरी गेले. माझ्या रायफलीतला लीव्हर त्या जातीचा नाही. तो नळीच्या खाली, नळीला समांतर दडलेला असतो. तो खाली व मागे ओढला की आतली जाड स्प्रिंग दाबली जाऊन दट्ट्या मागे अडकतो, मग उघड्या पडलेल्या खाचेतून नळीच्या मागच्या तोंडाशी एक छर्रा बोटाने बसवायचा, लीव्हर परत जागेवर न्यायचा, आणि एक बार काढायचा. पुन्हा बार काढायचा तर पुन्हा तेच सगळे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मोडत्या नळीच्या छऱ्याच्या बंदुकीहून तिचा मोठा फरक असा की इथे नळी जागची हलत नाही. मोडत्या नळीच्या बंदुकीत बिजागरी झिजली की नळी प्रत्येक वेळी केसभर वेगळ्या जागी बसते आणि नेम बिघडतो. इथे तो प्रश्नच उरत नाही.

परदेशी माहितीपत्रकात ही रायफल ससे आणि उंदीर मारण्याची म्हणूनही दाखवलेली असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपलेला आहे, आणि होला, पोपट, ससा यांच्यावर छर्रा झाडणे हा पोरखेळ नसून गुन्हा आहे, हे छऱ्याची बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. कोल्हापूरला शिकारीचा इतिहास आहे. न्यू पॅलेसमधील संग्रहालयात त्या काळची शस्त्रे आणि पेंढा भरलेले प्राणी आजही पाहायला मिळतात. पण संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रानसुद्धा १९५८ साली अभयारण्य झाले. मी ही रायफल कागदावर, रिकाम्या डब्यांवर आणि लोखंडी चकत्यांवर नेम धरण्यासाठी घेतली आहे, आणि पुढचे सगळे त्याच दृष्टीने लिहिले आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र मागतो आणि तो द्यावा. माझ्या रायफलीची ऊर्जा मोजून १५.५ ज्यूलच्या आसपास भरली. जास्त ताकदीची स्प्रिंग घालून देतो असे सांगणारे लोक भेटतात. तसे केल्याने नेम सुधारत नाही, बहुधा बिघडतो, आणि मर्यादा ओलांडली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचे प्रकरण अंगावर येते.

रायफल दिवाळीनंतर परगावच्या एका परवानाधारक दुकानातून आली. किमतीचा आकडा देत नाही, कारण आयातीच्या खेपेनुसार तो बराच हलतो. एखादी साधी दुचाकी घेण्याची तयारी असेल त्यानेच या वाटेला जावे एवढे सांगणे पुरेसे आहे. पेटीतून काढताच पहिली जाणीव होते ती वजनाची. दुर्बिणीशिवाय ती सुमारे चार किलो आहे, आणि दुर्बीण बसवल्यावर पाच किलोच्या घरात जाते. शेजारच्या वर्कशॉपमधल्या पोराने ती हातात घेऊन “काका, ही बंदूक हाय का पहार?” असे विचारले, ते अगदीच चुकीचे नव्हते. बीचच्या लाकडाचा दस्ता, नळीवरचे गडद निळसर काळे पॉलिश, लीव्हरच्या टोकाचा खटका या सगळ्यांत हात फिरवणाऱ्याला समाधान देणारी सफाई आहे. १८९९ पासून बंदुका करणाऱ्या घराण्याचे काम आहे हे कळते. तिच्यावर माशी आणि खाचेचे साधे नेमसाधन मुळातच नसते, त्यामुळे दुर्बीण हा ऐच्छिक खर्च नाही, हे विकत घेण्यापूर्वीच हिशेबात धरावे.

पहिल्या संध्याकाळी मी एकही बार काढला नाही. नवी बंदूक कारखान्यातून येते तेव्हा गंज लागू नये म्हणून नळीत तेलाचा थर दिलेला असतो, आणि तो तसाच ठेवून छर्रा झाडला तर ते तेल दाबाखाली पेटते. नळी साफ करण्यासाठी मी लोखंडी सळई वापरली नाही, कारण नळीच्या पुढच्या तोंडाशी सळई घासली गेली की आतल्या पेचांची, म्हणजे छऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचांची, कड बोथट होते. गवत कापण्याच्या यंत्राला लागते ती नायलॉनची दोरी दोन हात घेतली, तिचे एक टोक तापवून चपटे केले, जुन्या सुती बनियनचा चार बोटांचा तुकडा त्यात अडकवला आणि छर्रा बसवायच्या बाजूने आत घालून पुढच्या तोंडातून ओढून घेतला. पहिले चार तुकडे काळपट पिवळे निघाले, सातवा जवळजवळ कोरडा. एवढे करताना लीव्हर उघडा असतो आणि स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून साफसफाई चालू असेपर्यंत एका हाताने लीव्हर घट्ट धरून ठेवावा किंवा दुसऱ्या माणसाला धरायला लावावा. छर्रा बसवतानाही हाच नियम. रायफलीत सुरक्षेची अडकण आहे, पण अडकणीच्या भरवशावर बोट खाचेत घालणारा माणूस यंत्रशाळेत फार दिवस दहा बोटांनिशी राहत नाही.

त्यानंतर आटे. दस्त्याला रायफल धरून ठेवणारे स्क्रू मी एकेक करून काढले, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने आटे कोरडे केले, निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) एकेक थेंब लावले आणि परत बसवले. लाल लॉकटाइट वापरू नये. ते पुढे उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही, आणि लाकडाजवळ उष्णता देण्याची वेळ येऊ नये. स्क्रू किती आवळायचा याचा अंदाज लोखंडावर काम करणाऱ्यांचा नेहमी चुकतो, कारण आपला हात पोलादाला सरावलेला असतो आणि इथे खाली लाकूड आहे. लाकूड चेपले की स्क्रू ढिला वाटतो, मग तो आणखी आवळला जातो, आणि लाकूड आणखी चेपते. ॲलन कीच्या आखूड बाजूला दोन बोटांनी जेवढा जोर देता येतो तेवढा पुरतो.

सर्वांत जास्त वेळ दुर्बिणीने घेतला, आणि सर्वांत जास्त चुका मी तिथेच केल्या. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का काडतुसाच्या बंदुकीसारखा एकाच दिशेचा नसतो. चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे सुटतो, त्या वेळी रायफल मागे सरकते. दट्ट्या पुढच्या टोकाला पोचून थांबतो, तेव्हा तीच रायफल झटक्याने पुढे खेचली जाते. दुर्बिणीतील भिंगे आणि नेमाच्या फुलीच्या तारा मागच्या धक्क्यासाठी पक्क्या केलेल्या असतात. पुढच्या धक्क्याने साध्या दुर्बिणी आतून ढिल्या होतात. माझ्याजवळ आधीची एक स्वस्त दुर्बीण होती आणि ती चालेल असे दुकानदाराने फोनवर सांगितले होते. ती नव्वद बार टिकली. त्यानंतर तिच्यातील उभी तार घड्याळाच्या काट्यासारखी तिरकी होऊ लागली, आणि मी दोन दिवस रायफलीलाच दोष देत बसलो. शेवटी एअर रायफलसाठी म्हणून बनवलेली, पुढचे भिंग फिरवून दहा मीटरपर्यंत स्पष्ट दिसणारी दुर्बीण घेतली. हे अंतराचे जुळवणे महत्त्वाचे आहे, कारण शंभर मीटरसाठी पक्की केलेली दुर्बीण दहा मीटरवर धूसर दिसते आणि डोळा किंचित हलला तरी नेमबिंदू कागदावर सरकताना दिसतो.

दुर्बिणीचे माउंट, म्हणजे तिला रायफलीवर धरून ठेवणारी पकड, ही त्याहून बारीक पण त्याहून महागात पडणारी बाब आहे. रायफलीच्या पाठीवर ११ मिलिमीटर रुंदीची खाच आहे आणि त्या खाचेत अडकणीच्या पिनेसाठी भोके पाडलेली आहेत. माउंटच्या खालून निघणारी पिन त्यांपैकी एका भोकात बसली पाहिजे. नाहीतर प्रत्येक बारागणिक माउंट केसभर मागे सरकत जाते, आणि माणूस समजतो की नेम भरकटतो आहे. दुकानाने रायफलीबरोबर पाठवलेल्या माउंटला ही पिनच नव्हती. दोन तुकड्यांचे ते माउंट मी काळजीपूर्वक आवळले, त्याच्या पुढच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारली, आणि चाळीस बारांनंतर रेघ आणि माउंट यांच्यात दीड मिलिमीटरचे अंतर पडले. मग अखंड एका तुकड्याचे माउंट मिळवले आणि त्याला पिन माझी मी कातून बसवली.

दुर्बिणीतील उभी तार खरोखर उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी बाजारात छोट्या पाणसळ मिळतात, पण गवंड्याचा ओळंबा त्यांच्याहून खरा. पंधरा मीटरवर झाडाच्या फांदीला ओळंबा टांगला, रायफल खाली वाळूच्या पिशव्यांत सरळ धरली, आणि उभी तार ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बीण माउंटच्या कड्यांमध्ये फिरवली. कड्यांचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. डिझेल इंजिनाचे हेड बसवतात तसे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळले की दुर्बीण नक्की फिरते.

आता रनिंगविषयी. जागा म्हणून पन्हाळ्याच्या वाटेवरील मेहुण्यांच्या शेताचा कोपरा मिळाला, जिथे विहिरीच्या खोदाईतील मातीचा पुरुषभर उंचीचा ढीग पडून आहे. त्याच्यापुढे जुन्या पत्र्याची पेटी ठेवली, आत मागे चार मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट आणि पुढे चिंध्या दाबून भरल्या, म्हणजे छर्रा उलटून येत नाही आणि शिसेही गोळा करता येते. डोळ्यांवर ग्राइंडिंगचा चष्मा असलाच पाहिजे. छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम मेहुण्यांच्या घरच्यांनी माझ्यापेक्षा कडकपणे पाळला.

पहिल्या तीस बारांत नळीतून निळसर धूर निघत होता आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा होता. सिलिंडरमधील जादा ग्रीस दट्ट्याच्या दाबाने तापून पेटते, म्हणजे डिझेल इंजिनात घडते तेच इथे घडते. हे दोष म्हणून पाहू नये. नवीन स्प्रिंग रायफल सुरुवातीला असेच वागते. ज्याला हे माहीत नसते तो घाबरून आणखी तेल घालतो, आणि पेटायला आणखी तेल मिळते. हवा जाण्याच्या छिद्रात तेलाचा थेंब टाकण्याची जुनी सवय आपल्याकडे अनेकांना आहे, ती पूर्ण सोडावी. तसेच छर्रा न घालता बार काढू नये. छऱ्यामागे कोंडलेली हवाच दट्ट्याला गादीसारखी थोपवते. छर्रा नसेल तर दट्ट्या थेट लोखंडावर आपटतो. घरी आलेले पाहुणे बंदूक हातात घेतात आणि पहिले काम हेच करतात, त्यामुळे पाहुण्यांच्या हातात ती देण्याचेच मी थांबवले आहे.

या काळात दहा मीटरवर पाच बारांची भोके २५ मिलिमीटरच्या वर्तुळात पडत होती, म्हणजे या किमतीत लाजिरवाणी वाटावीत अशी. मित्राजवळ छऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र आहे. त्यावर एकाच डब्यातील छऱ्यांच्या वेगात सेकंदाला पंधरा मीटरपर्यंत फरक दिसला. इथे हात शिवशिवतात. दुर्बिणीच्या कळा फिरवाव्यात, चापाचा स्क्रू सैल करावा, छर्रा बदलावा असे वाटते, आणि तिन्ही एकाच दुपारी केले की कशाने काय झाले हे पुढे कधीच कळत नाही. मी वहीत बारांची संख्या, अंतर आणि भोकांच्या घेराचा आकडा लिहीत गेलो आणि दर पन्नास बारांनंतर फक्त स्क्रू तपासले. दोनशे बारांपर्यंत दस्त्याचे स्क्रू दोनदा पाव फेऱ्याने आवळावे लागले. नंतर ते जागचे हलले नाहीत. धूर साठ बारांत गेला, जळक्या तेलाचा वास अडीचशेच्या आसपास, आणि लीव्हर ओढताना जाणवणारी करकर साडेतीनशे बारांनंतर. पाचशे बारांपाशी वेगातील फरक सेकंदाला चार मीटरवर आला. त्या दिवशी वीस मीटरवर पाच भोके बारा मिलिमीटरमध्ये पडली आणि मी वहीतील तारखेखाली रेघ मारली.

या सुधारणेत रायफलीचा वाटा किती आणि माझा किती, हे मला सांगता येणार नाही, कारण दरम्यान माझे धरणेही बदलले. काडतुसाची बंदूक खांद्यात घट्ट रोवून धरायची असते हे डोक्यात पक्के बसलेले असल्यामुळे मी सुरुवातीला हिलाही आवळून धरत होतो. पण स्प्रिंगच्या रायफलीत चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंतच्या त्या क्षणात रायफल मागेपुढे हललेली असते, आणि पकड दर वेळी वेगळी असेल तर तिचे हलणेही दर वेळी वेगळे होते. उपाय असा की पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवायचा, बोटांनी धरायचा नाही. दस्ता खांद्याला फक्त लागू द्यायचा. आणि तिला मोकळेपणाने हलू द्यायचे. तळहात दर वेळी त्याच जागी आला पाहिजे म्हणून मी दस्त्याखाली चिकटपट्टीची खूण केली आहे. वाळूच्या पिशवीवर रायफल थेट टेकवून काढलेले बार हातावर टेकवून काढलेल्या बारांपेक्षा विस्कळीत पडतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पटले नव्हते.

छऱ्यांचा प्रश्न रनिंग संपल्यावरच हाती घ्यावा. चार प्रकार मी आणले. गुजरीतील ओळखीच्या सराफाकडच्या काट्यावर स्थानिक बाजारातील स्वस्त डब्यातले पन्नास छर्रे एकेक करून तोलले, तेव्हा त्यांची वजने ०.४६ ग्रॅमपासून ०.५३ ग्रॅमपर्यंत पसरलेली निघाली, आणि सहा छऱ्यांची मागची कड चेपलेली होती. सराफाने “आण्णा, सोनं सोडून शिसं कधीपासून?” असे विचारले, पण काटा दिला. त्यामानाने चेक प्रजासत्ताकातील जेएसबीचे ८.४४ ग्रेन, म्हणजे ०.५४७ ग्रॅम वजनाचे गोल डोक्याचे छर्रे जवळजवळ सारखे भरले, आणि माझ्या नळीला त्यांतले ४.५२ मिलिमीटर डोक्याचे मानवले. ४.५१ चे छर्रे त्याच नळीत सैल बसतात आणि घेर दीडपट होतो. तुमच्या नळीला काय मानवेल ते तुमच्याच नळीला विचारावे लागेल. नवा प्रकार घातल्यावर पहिले पंधरा बार मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नवा थर बसायला तेवढा वेळ लागतो. त्याच कारणाने एकदा नीट बसलेली नळी वारंवार पुसत बसू नये. माझी हजार बारांत दोनदाच पुसली आहे.

नेम मी २५ मीटरवर जुळवला आहे. दुर्बीण नळीच्या साधारण साडेचार सेंटिमीटर वर असल्यामुळे दहा मीटरवर छर्रा नेमबिंदूच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली लागतो. नळी वाकडी असल्याचा संशय घेण्याचे कारण नाही. दुर्बिणीच्या कळेची एक टिचकी पंचवीस मीटरवर जेमतेम दोन मिलिमीटर सरकवते आणि दहा मीटरवर एक मिलिमीटरसुद्धा नाही, म्हणून जवळच्या अंतरावर नेम जुळवताना टिचक्या मोजण्याचा धीर हवा. आज पंचवीस मीटरवर पाच बार चौदा ते अठरा मिलिमीटरमध्ये पडतात, वारा असेल तर पंचवीसमध्ये. यापुढचे जे काही उरले आहे ते माझ्या श्वासाचे आणि डोळ्याचे आहे.

चाप हा या रायफलीचा खरा दागिना. दोन टप्प्यांचा आहे: पहिला टप्पा सैल येतो, मग स्पष्ट भिंत लागते, आणि तिच्यापुढे काचेची काडी मोडावी तसा तो सुटतो. मागच्या स्क्रूने त्याचा भार कमीजास्त करता येतो. पाचशे बारांनंतर मी तो फक्त अर्धा फेरा सैल केला, आणि तिथेच थांबलो. इतका हलका चाप ठेवू नये की लीव्हर मिटवतानाच्या धक्क्याने तो सुटेल. सुरक्षेची कळ रायफल चढवली की आपोआप लागते, आणि एकदा काढली की पुन्हा लावण्यासाठी पुन्हा चढवावे लागते, ही गोष्ट मला आवडली नाही. बार न काढता थांबायचे असेल तेव्हा ती अडचणीची ठरते.

आतली स्प्रिंग काढून तिला सरळ धरून ठेवणारे नवे गाइड बसवण्याचा मोह लेथवाल्या माणसाला होणार हे उघड आहे; उद्यमनगरात असे गाइड तासाभरात कातून मिळेल. मी अजून उघडलेली नाही. स्प्रिंग आत दाबलेल्या स्थितीतच असते आणि ती सोडवण्यासाठी नीट शिकंजा केल्याशिवाय मागचा भाग उघडला तर तो छातीवर येतो.

पावसाळ्याविषयी परदेशी लेखांतून काहीच मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर. जुलैमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, त्या हवेत लाकूड फुगते आणि दस्त्याचे स्क्रू आपोआप घट्ट लागल्यासारखे वाटतात. ते सैल करू नयेत आणि आणखी आवळूही नयेत. रायफल स्पंजच्या पेटीत बंद करून ठेवली तर स्पंज ओलावा धरतो. माझ्याकडे आषाढात चार दिवसांत लीव्हरच्या खालच्या बाजूवर, जिथे घामट बोटे लागतात नेमके तिथे, गंजाचे तांबूस ठिपके दिसले. पेटी आता फक्त प्रवासासाठी. घरी ती कुलूपबंद लाकडी कपाटात, उभी, सिलिका जेलच्या दोन पिशव्यांसह असते आणि प्रत्येक वापरानंतर तेलाच्या फडक्याने पुसली जाते. तेल बाहेरून, आणि लीव्हरच्या सांध्यांना कणभर मोलिब्डेनम ग्रीस. बस्स.

ही रायफल कोणी घ्यावी? ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या नेमबाजीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या जिल्ह्यातील आईवडील मुलांसाठी रायफल कोणती घ्यावी असे विचारत असतात. कोल्हापूरच्याच नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या वेळीही हेच झाले होते. त्यांना माझे स्पष्ट उत्तर असे की ही घेऊ नका. दहा मीटरच्या स्पर्धेतील रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, त्यांना धक्का जवळजवळ नसतो, आणि नेमासाठी दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्राचे डायोप्टर लागते. मुलाला आधी कोल्हापुरातील दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर न्यावे, तिथल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काही महिने काढू द्यावेत, आणि खरेदी त्यांच्या सल्ल्याने करावी. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला हा लीव्हर ओढवत नाही. माझ्या पुतणीने दोन्ही हात लावून पाहिले. ज्याला मोकळी सुरक्षित जागा आहे, यंत्राशी खटपट करण्याची हौस आहे आणि एका बारासाठी अर्धा मिनिट घालवण्याची तयारी आहे, त्या प्रौढ माणसाला मात्र तिच्यात काही कमी वाटणार नाही. सिलिंडर नाही, पंप नाही, हवा भरून आणणे नाही. छऱ्यांचा डबा घेतला की निघता येते.

दुकानाबद्दल लिहायचे तर वस्तू अस्सल आली, कागदपत्रे चोख होती, पण माहिती चुकीची दिली गेली. नवीन रायफलीला रनिंग लागत नाही, कुठलीही दुर्बीण चालते, माउंट सगळी सारखीच, ही तिन्ही विधाने त्यांनी आत्मविश्वासाने केली आणि तिन्ही मला पैसे आणि वेळ घालून खोडावी लागली. पिन नसलेल्या माउंटची तक्रार केल्यावर पाचव्या आठवड्यात बदली माउंट आले. ते न उघडता खणात पडून आहे; रायफलीवर अजून तीच मी कातलेली चार मिलिमीटरची पिन आहे, आणि पेन्सिलीच्या रेघेपासून माउंट हललेले नाही.